मागील बाकी

दिवाळीत व्यापारी घरांतून वहीपूजन होते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते. पुढे प्रत्यक्ष लिखाण सुरू झाले की प्रत्येक खात्याची पहिली ओळ ‘मागील बाकी’ ही असते. वर्ष संपले म्हणून येणे संपत नाही आणि देणेही फिटत नाही. जुन्या वहीतील आकडा नव्या वहीत जसाच्या तसा ओढावा लागतो. जो हे करीत नाही, त्याची पेढी फार दिवस चालत नाही, हे शाळेत न गेलेल्या पूर्वजांनाही ठाऊक होते.

दहशतवादाच्या बाबतीत शासनाची वही मात्र दर वेळी कोरी उघडली जाते. घातपात होतो, निषेध होतो, मंत्रिमहोदय घटनास्थळी येतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते. पुढील घातपाताच्या वेळी हाच क्रम पहिल्यापासून सुरू होतो. मागच्या वेळी काय ठरले होते आणि त्यातले काय झाले, याची ओळ कोठेच आढळत नाही. सामान्य माणसाच्या मनात जो संताप साठत गेला आहे, त्याचे मूळ येथे आहे. तो संताप केवळ शत्रूवरचा नाही. आपल्याच घरातील हिशेब कोणी ठेवीत नाही, या जाणिवेचा त्यात मोठा वाटा आहे.

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या उपनगरी रेल्वे स्फोटांच्या खटल्यातील सर्व १२ आरोपींना निर्दोष ठरविले, तेव्हा ही जाणीव पुन्हा तीव्र झाली. अकरा मिनिटांत सात स्फोट, तेही संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसांनी भरलेल्या प्रथम वर्गाच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसे त्यांत गेली. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली होती. अभियोग पक्ष आरोप सिद्ध करू शकला नाही, असा निष्कर्ष काढून उच्च न्यायालयाने ती सारी शिक्षा रद्द केली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या निकालाचा अन्य खटल्यांत आधार घेण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात पाठविले नाही. १९ वर्षांनी शिल्लक काय राहिले? ज्यांच्या घरातील माणूस गेला, त्यांना ‘हे कोणी केले’ या प्रश्नाचे पक्के उत्तर नाही. आणि हे आरोपी खरोखरच निरपराध असतील, तर त्यांच्या आयुष्यातील १९ वर्षांचे देणे कोण फेडणार, याचेही उत्तर नाही. दोन्ही बाजूंनी थकबाकीच.

पुण्याच्या नारायण पेठेत असा विषय निघाला की तो लवकर संपत नाही. सरकारला जाब विचारण्याची सवय या पेठेच्या हवेतच आहे. लोकमान्यांचा केसरीवाडा येथेच आहे आणि वृत्तपत्राने राज्यकर्त्यांना अवघड प्रश्न विचारावेत, ही रीत येथे शतकाहून जुनी आहे. शिवाय दहशतवाद हा या पेठेला दूरच्या बातमीचा विषय राहिलेला नाही. १३ फेब्रुवारी २०१० च्या शनिवारी संध्याकाळी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जणांचा बळी गेला. १ ऑगस्ट २०१२ च्या संध्याकाळी जंगली महाराज रस्त्यावर, बालगंधर्व रंगमंदिरापासून गरवारे पुलापर्यंतच्या भागात, एकामागून एक चार कमी तीव्रतेचे स्फोट झाले. काही बॉम्ब सायकलींवर ठेवलेले होते. पावसाळी हवेमुळे म्हणा वा बनावटीतील दोषामुळे म्हणा, मोठी हानी टळली. नारायण पेठेतून भिडे पूल ओलांडला की तो रस्ता लागतो. १० जुलै २०१४ रोजी दुपारी तर स्फोट थेट फरासखाना पोलीस ठाण्याच्या वाहनतळावर झाला. दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर तेथून हाकेच्या अंतरावर, आणि पेठेतून चालत दहा-पंधरा मिनिटांची वाट. स्फोटके ज्या मोटारसायकलीत होती ती साताऱ्याहून चोरीस गेलेली, आणि तीही एका पोलीस कर्मचाऱ्याची.

साडेचार वर्षांत एका शहरात तीन घटना. या तिन्हींच्या मध्ये शासनाने काय केले, हे पाहिले की ‘मागील बाकी’ म्हणजे काय ते स्पष्ट होते. डेव्हिड हेडली याने ओशो आश्रम व ज्यू धर्मीयांचे छबाड हाऊस असलेल्या कोरेगाव पार्क परिसराची पाहणी केली होती, ही माहिती जर्मन बेकरीच्या स्फोटाआधीच केंद्राला मिळाली होती आणि राज्याच्या पोलिसांना सावध करण्यात आले होते. तरीही त्याच परिसरात, त्या दोन्ही स्थळांच्या अगदी जवळ, पिशवीतला बॉम्ब फुटला. त्यानंतर शहरभर सीसीटीव्ही कॅमेरे बसविण्याची चर्चा सुरू झाली. जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झाले तेव्हा ती योजना कागदावरच होती. फरासख्यानातील स्फोटाच्या वेळीही काम पुरे झालेले नव्हते. पुण्याचा प्रकल्प पूर्णत्वास जाण्यास २०१५ साल उजाडले. पहिल्या स्फोटानंतर घेतलेला निर्णय तिसऱ्या स्फोटानंतर अमलात आला, असा याचा सरळ अर्थ होतो.

मुंबईची कथा याहून वेगळी नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जण मृत्युमुखी पडले. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियाजवळ हजारो नागरिक मेणबत्त्या घेऊन जमले. त्यांच्या घोषणांचा रोख पाकिस्तानइतकाच स्वतःच्या राज्यकर्त्यांवर होता. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांना पद सोडावे लागले, त्यांपैकी आर. आर. पाटील वर्षभराच्या आत पुन्हा गृहमंत्री झाले. माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने २००९ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे वेळेत, अहवाल दिला. विधिमंडळापुढे मात्र जूनमध्ये आधी केवळ कृती अहवाल ठेवण्यात आला. मूळ अहवाल सभागृहाला दिसला तो डिसेंबरमध्ये, त्यातील मजकूर वृत्तपत्रांतून फुटू लागल्यावर. मुंबईतील कॅमेऱ्यांच्या निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. सरकारे बदलली. साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांची ती यंत्रणा पूर्ण होऊन शहराच्या सेवेत रुजू झाली ती २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, हल्ल्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी. मधल्या काळात १३ जुलै २०११ चे स्फोट होऊन गेले होते.

जैन व्यापारी समाजाला तर या तारखा निराळ्या सांगाव्या लागत नाहीत. १२ मार्च १९९३ च्या मालिकेत ज्या ठिकाणी स्फोट झाले त्यांत शेअर बाजाराची इमारत होती, मशीद बंदरचा धान्यबाजार होता आणि झवेरी बाजारही होता. २५ ऑगस्ट २००३ रोजी गेटवेबरोबर मुंबादेवीजवळचा झवेरी बाजार पुन्हा हादरला. १३ जुलै २०११ रोजी झवेरी बाजाराची खाऊ गल्ली, हिरे व्यापाऱ्यांचे ऑपेरा हाऊस आणि दादरचा कबुतरखाना परिसर ही तीन ठिकाणे निवडली गेली. एकाच बाजारावर अठरा वर्षांत तीन वेळा घाला पडतो, आणि प्रत्येक वेळी तेथील अरुंद गल्ल्या, अस्ताव्यस्त लावलेली दुचाकी वाहने, अग्निशामक बंबाला न मिळणारी वाट हे सारे पूर्वीसारखेच असते. पेढीत एकाच कपाटातून तीनदा चोरी झाली, तर शहाणा मालक चोराला शिव्या देऊन थांबेल का? तो कुलूप बदलेल, कपाट हलवील, किल्ली कोणाकडे असते ते तपासील.

शासनाच्या धरसोडीचा दोष कोणा एका पक्षावर टाकून मोकळे होता येईल, असे जुना हिशेब पाहता दिसत नाही. १९९९ च्या डिसेंबरात अपहृत विमान अमृतसरला इंधनासाठी उतरले असताना ते रोखण्याचा निर्णय वेळेत झाला नाही. ३१ डिसेंबरला कंदाहारमध्ये प्रवाशांच्या बदल्यात तीन दहशतवादी सोडावे लागले. त्यांतल्या मसूद अझहरने पुढे जैश-ए-महंमद ही संघटना उभारली. तेव्हा सत्तेवर एक आघाडी होती, २६ नोव्हेंबरच्या वेळी दुसरी. टाडा कायदा १९९५ मध्ये मुदत संपून गेला, पोटा २००२ मध्ये आला आणि २००४ मध्ये रद्द झाला, २००८ मध्ये बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा कडक करून राष्ट्रीय तपास यंत्रणा स्थापन झाली. कायदा कडक असावा की सौम्य यावर मतभेद असू शकतात. पण ज्या देशात दर काही वर्षांनी कायद्याचे नावच बदलते, तेथे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याने कोणत्या कायद्यात प्रावीण्य मिळवावे? राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्र १ मार्च २०१२ पासून सुरू होणार, असा आदेश निघाला. राज्यांच्या अधिकारांवर गदा येते म्हणून निरनिराळ्या पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी विरोध केला. त्या विरोधात तथ्य होते असे मानले, तरी त्यावर तोडगा काढणे हे केंद्राचे काम होते. तोडगा निघाला नाही आणि ते केंद्रही झाले नाही.

आता दुसरी बाजू. जनतेला निर्णय हवा असतो, पण अनेकदा तिला निर्णय आणि घाई यांतला फरक कळत नाही, आणि शासनालाही कळत नाही. स्फोट झाला की आठ दिवसांत आरोपी दाखवा, असा दबाव पोलिसांवर येतो. २००६ च्या सप्टेंबरात मालेगावला झालेल्या स्फोटांनंतर ज्यांना अटक झाली, ते वर्षानुवर्षे तुरुंगात राहिले. पुढे तपासाची दिशाच बदलली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. जर्मन बेकरी खटल्यात पुण्याच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये ज्या आरोपीला फाशी सुनावली, त्याला उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्फोटाच्या मुख्य आरोपांतून मुक्त केले आणि स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप कायम ठेवली. घाईने धरलेला माणूस सुटतो तेव्हा दोन अन्याय होतात. एक निरपराध भरडला जातो, आणि खरा गुन्हेगार तोपर्यंत निश्चिंत फिरत असतो. घाईने काढलेला ताळेबंद लेखापरीक्षणात टिकत नाही. घाईने केलेला तपास न्यायालयात टिकत नाही.

उलट जेथे काम नीट झाले, तेथे न्याय पूर्ण झाल्याचेही उदाहरण आहे आणि तेही पुण्याशी जोडलेले आहे. अजमल कसाबला ६ मे २०१० रोजी विशेष न्यायालयाने फाशी सुनावली, २१ फेब्रुवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने ती कायम केली, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने. राष्ट्रपतींनी नोव्हेंबरच्या आरंभी दयेचा अर्ज फेटाळला आणि २१ नोव्हेंबर २०१२ च्या सकाळी येरवडा कारागृहात शिक्षेची अंमलबजावणी झाली. त्याला वकील मिळाला, अपील मिळाले, दयेचा अर्जही करता आला. ‘त्याला इतकी वर्षे कशाला पोसता’ असे चिडून विचारणारे तेव्हा पुष्कळ होते. परंतु त्या चार वर्षांत जे पुरावे न्यायालयाच्या दप्तरी नोंदले गेले, त्यांनी भारताची बाजू जगापुढे बळकट केली. पुरावा हाती जिवंत होता, तपास व्यवस्थित झाला, सरकारी पक्षाने खटला काळजीपूर्वक चालविला, म्हणून हे घडले. याच हल्ल्याच्या कटातील आरोपी तहव्वूर राणा याला भारतात आणण्यास मात्र १० एप्रिल २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या खात्याची बाकी अजून उभी आहे.

येथे जैन वाचकाच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे. अहिंसा हा ज्यांचा परम धर्म, त्यांनी शासनाकडे कठोर कारवाईची मागणी करावी का? शास्त्रकारांनी हा प्रश्न टाळलेला नाही. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार त्यांनी सांगितले. गृहस्थ श्रावकाने संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली हिंसा, पूर्णपणे सोडावी. घरकामात व उद्योगात होणारी हिंसा यत्नाने कमी करावी. आणि आक्रमकापासून स्वतःचे, आश्रितांचे व राज्याचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा ही गृहस्थाच्या मर्यादेत येते. म्हणूनच गोमटेश्वराची मूर्ती उभारणारा चामुंडराय हा सेनापतीही होता आणि अबूच्या पर्वतावर मंदिर उभारणारे वस्तुपाल-तेजपाल हे राज्यकारभार चालविणारे मंत्री होते. क्षमा ही ज्याचा अपराध झाला त्याने करावयाची असते. झवेरी बाजारात ज्याचा मुलगा गेला तो कदाचित क्षमा करू शकेल. शासनाला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार नाही. शासनाचे काम रक्षणाचे आणि न्यायाचे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा प्रमादाचा आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या येते, तिच्या मुळाशी ‘प्रमाद’ हा शब्द आहे. असावधपणा, आळस, दुर्लक्ष यांतून प्राणांचा घात झाला, तर ती हिंसाच. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमासारख्या ज्ञानी शिष्यालाही वारंवार बजावतात ते याच प्रमादाबद्दल. या कसोटीवर पाहिले, तर जी फाईल वर्षभर टेबलावर पडून राहते, जी सूचना मिळूनही कोणी हालचाल करीत नाही, जी निविदा चौथ्यांदा रद्द होते, ती केवळ कार्यालयीन दिरंगाई राहत नाही. तिच्या पोटी माणसे मरतात.

नारायण पेठेला हे सांगावयास कोणा आचार्यांची गरज नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या या पेठेतील वाडे पाण्यात गेले. त्या दिवशी कोणी शत्रू आलेला नव्हता. धरणाची अवस्था धोक्याची आहे हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याकडून शहराला वेळेवर स्पष्ट इशारा मिळाला नाही, हीच लोकांची तक्रार होती. चौकशी आधी न्यायमूर्ती बावडेकरांकडे आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईकांकडे गेली. शत्रूने केलेला घात आणि स्वकीयांच्या प्रमादाने झालेला घात यांत, ज्याचे घर वाहून जाते त्याच्या दृष्टीने, फारसे अंतर नसते.

कोणी म्हणेल, शासनाला अनेक बाजू पाहाव्या लागतात. परराष्ट्र संबंध आहेत, मानवी हक्क आहेत, राज्यांचे अधिकार आहेत. अनेकांतवाद मानणाऱ्याने हे समजून घ्यावे. ते समजून घ्यावेच. परंतु अनेकांत म्हणजे अनिश्चय नव्हे आणि स्याद्वाद म्हणजे संशयवाद नव्हे, हे जैन नैयायिकांनी शतकानुशतके सांगितले आहे. सर्व नयांचा विचार करावयाचा तो शेवटी योग्य निश्चयाप्रत येण्यासाठी. सर्व बाजू पाहिल्या आणि मग काहीच केले नाही, याला अनेकांताचे नाव देणे हा त्या सिद्धांताचा अपमान आहे. याच सिद्धांताचा दुसरा धडा जनतेसाठी आहे. एका गुन्हेगाराच्या नावावरून सगळ्या समाजाला गुन्हेगार ठरविणे हा एकांतवाद होय. तो मनात कषाय वाढवितो आणि दहशतवाद्याला नेमके जे हवे आहे ते त्याच्या पदरात टाकतो.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरन कुरणात २६ जणांची हत्या झाली. त्यांत महाराष्ट्राचे सहा होते आणि त्या सहांपैकी दोघे पुण्याचे. पंधरा दिवसांत, ७ मे रोजी, ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले. २८ जुलैला हल्लेखोर तिघे श्रीनगरजवळच्या कारवाईत मारले गेले. निर्णय होत नाही ही जुनी तक्रार या वेळी करता येणार नाही, आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तरीही पुण्यातील त्या दोन घरांच्या दृष्टीने एक प्रश्न उरतोच. रोज शेकडो पर्यटक जेथे जातात, त्या कुरणावर त्या दुपारी एकही सुरक्षारक्षक का नव्हता? प्रत्युत्तर हा निर्णय आहे; पण ज्याने प्रत्युत्तराची वेळच येऊ दिली नसती, तो निर्णय आधी घ्यावयाचा होता. पहिल्या निर्णयाला टाळ्या मिळतात. दुसरा निर्णय यशस्वी झाला तर कोणाला कळतही नाही, आणि बहुधा म्हणूनच तो मागे पडतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांबाबत सात निर्देश दिले. पोलीस प्रमुखांना किमान दोन वर्षांचा निश्चित कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांची कामे वेगळी करणे, बदल्यांसाठी स्वतंत्र मंडळ, अशी त्यांतील मुख्य कलमे आहेत. सकाळी मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, दुपारी मोर्चा आणि रात्री बॉम्बस्फोटाचा तपास अशी ज्याची दिनचर्या, त्या अधिकाऱ्याकडून न्यायालयात टिकणारा पुरावा कसा जमा व्हावा? या निर्देशांची अंमलबजावणी बहुतेक राज्यांनी अर्धीमुर्धी केली. स्फोटानंतर दूरचित्रवाणीवर जी गर्जना होते, तिच्यापेक्षा या नीरस कलमांत नागरिकांची सुरक्षितता अधिक आहे.

हा हिशेब मागताना व्यापारी समाजाने आपलीही वही उघडून पाहिली पाहिजे. बँकेत ग्राहक ओळखीची कागदपत्रे पुन्हा मागितली की सर्वांत आधी चिडतो तो व्यापारी. डिसेंबर २०२० पासून दहा लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या रोखीच्या व्यवहारांसाठी सराफांना काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आणण्यात आले, तेव्हाही कुरकुर झाली. परंतु दहशतवादी टोळीला स्फोटकांइतकीच पैशाची गरज असते, आणि तो पैसा निनावी व्यवहारांच्या वाटेनेच फिरतो. भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद न करणे, कागदपत्रांशिवाय जुनी दुचाकी विकणे, दुसऱ्याच्या नावाचे सिमकार्ड चालवून घेणे हे सारे किरकोळ वाटते. पुण्याचे दोन स्फोट सायकलींवरून आणि चोरीच्या मोटारसायकलीवरून झाले, हे आठवले की किरकोळ वाटत नाही. दुकानाबाहेर कॅमेरा असेल, तर तो चालू आहे का आणि त्याचे चित्रण किती दिवस राहते, हे महिन्यातून एकदा तपासावे. आगीच्या विम्यात दहशतवादी कृत्याची जोखीम धरलेली आहे की ती वेगळा हप्ता भरून घ्यावी लागते, हे पॉलिसी काढून वाचावे. अमेरिकेतील ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर परदेशी पुनर्विमा कंपन्यांनी हात आखडता घेतला, म्हणून भारतीय विमा कंपन्यांनी २००२ मध्ये या जोखमीसाठी सामाईक निधी उभा केला. त्याचा लाभ ज्याने ती जोखीम घेतली आहे, त्यालाच मिळतो.

संवत्सरीच्या दिवशी श्रावक वर्षभरातील दोषांची आलोचना करतो. काय करावयाचे होते, काय राहून गेले, कोणाला दुखावले, हे एकेक आठवून प्रतिक्रमण करतो. शासनाला प्रतिक्रमण करावयास कोणी सांगणार नाही, पण वार्षिक हिशेब मागता येतो. प्रधान समितीच्या किती शिफारशी पूर्ण झाल्या आणि किती अपुऱ्या आहेत? शहरातील कॅमेऱ्यांपैकी आज किती चालू आहेत? दहशतवादाचे किती खटले प्रलंबित आहेत आणि कोणत्या कारणाने? स्फोटांतील किती जखमींना व वारसांना जाहीर झालेली मदत पूर्ण मिळाली? विधिमंडळाच्या प्रत्येक हिवाळी अधिवेशनात, २६ नोव्हेंबरच्या आगेमागे, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे सभागृहापुढे ठेवली जावीत, अशी मागणी व्यापारी महासंघांना आणि समाजाच्या संघांना आपापल्या आमदारांकडे करता येईल. त्यासाठी मोर्चा नको, घोषणा नकोत. एक पानभर अर्ज आणि त्याची पोच पुरेशी आहे. उत्तर आले नाही, तर पुढच्या वर्षी तोच अर्ज, वर ‘मागील बाकी’ असे लिहून, पुन्हा द्यावा.